बांध कोणाचा?

॥ श्री ॥



आपल्या महिला बैठकीत अलीकडे एक प्रश्न निघाला आणि त्यावर एकमत काही झालं नाही. प्रश्न असा होता: गोव्यात नदीकाठी वडिलोपार्जित शेत आहे, पण कुटुंब कित्येक वर्षं बडोद्याला असतं. शेत पड आहे. आता गावातून निरोप आलाय की नदीचा बांध खचत चाललाय, पावसाआधी दुरुस्त करायला हवा, तेव्हा प्रत्येकाने आपला वाटा द्यावा. ज्या शेतातून आपल्या घरात मूठभर तांदूळ येत नाही, त्याच्या बांधासाठी आपण पैसे का द्यायचे?

विचारणाऱ्या ताईंनी काही वावगं विचारलं असं आम्हाला वाटत नाही. निसर्ग जपा, जमीन जपा, हे आपण सगळेच ऐकतो आणि माना डोलावतो. पण तीच गोष्ट वर्गणीच्या पावतीच्या रूपाने दारात येते तेव्हा कुठे आपला खरा विचार सुरू होतो. ताईंनी तो मोठ्याने केला इतकंच. म्हणून या वेळी हाच विषय घ्यायचं ठरवलं.

*आधी खाजन म्हणजे काय ते पाहू*

इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या मंडळींना हा शब्द नवीन असेल. गोव्यात मांडवी, जुवारी या नद्या समुद्राला मिळतात, पण भरतीच्या वेळी समुद्रच उलट नदीत शिरतो. खारं पाणी कितीतरी किलोमीटर आत येतं. नदीकाठची जमीन सखल. काही ठिकाणी तर भरतीच्या पातळीपेक्षाही खाली. आपल्या पूर्वजांनी कित्येक शतकांपूर्वी चिखलाचे बांध घालून ही जमीन खाऱ्या पाण्यापासून सोडवून घेतली. अशा जमिनीला खाजन म्हणतात. तिसवाडी, बार्देश, सासष्टी, दिवाडी आणि चोडण बेट, सगळीकडे ही शेतं आहेत. गोव्यात मिळून सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन आहे असं मानलं जातं.

बांध घालायला लागे ती सगळी सामग्री जवळपासचीच. नदीतला चिकट चिखल, पेंढा, बांबू, आणि जिथे लाटांचा मारा जास्त तिथे चिरे. बांधात ठिकठिकाणी ‘मानस’ असते, म्हणजे पाणी आतबाहेर करण्याची लाकडी दारं. ती अशी बसवलेली असतात की भरतीचं पाणी चढू लागलं की त्याच्याच दाबाने बंद होतात, आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. शेतातलं जादा पाणी बाहेर जातं, समुद्राचं आत येत नाही. ओहोटीच्या वेळी मानशीला जाळं लावलं की सुंगटं आणि इतर मासळी मिळते. पावसाळ्यात पाऊस मातीतलं मीठ धुऊन काढतो, मग त्यात खारटपणा सोसणारं भात लावायचं. कोरगुट हे त्यातलं जुनं, नावाजलेलं वाण. उकड्या कोरगुटाची पेज ज्यांनी खाल्ली आहे त्यांना चव वेगळी सांगायला नको! काही सखल भागांत मिठागरं. एकाच जमिनीतून भात, मासळी आणि मीठ, तेही नदीशी भांडण न करता.

पण या सगळ्याला एक अट आहे. शेतं शंभर जणांची असली तरी बांध एकच असतो. खेकड्याने एका जागी भोक पाडलं आणि ते वेळीच बुजवलं नाही, तर अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला तेच भोक रुंदावतं. बांध फुटला की खारं पाणी कोणाचं शेत कसलेलं आणि कोणाचं पड, असं विचारून आत शिरत नाही. एकदा जमीन खारावली की ती गोडी व्हायला पुढचे काही पावसाळे जावे लागतात. तेवढ्यावर भागत नाही. काठावरच्या वाड्यांतल्या विहिरींचं पाणीही मचूळ होतं. म्हणजे बांध हा शेताचा आहे तसाच तो स्वयंपाकघरातल्या घागरीचाही आहे.

*प्रेमाने की नेमाने?*

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. शहरातून गावाकडे गेलेली माणसं हमखास एक वाक्य बोलतात: “पूर्वीच्या लोकांचं निसर्गावर प्रेम होतं, आताच्या गावकऱ्यांना पर्वाच नाही.” आम्हाला हे अर्धंच खरं वाटतं.

पूर्वीच्या लोकांचं मातीवर प्रेम असेलच. पण बांध टिकला तो त्या प्रेमाच्या जोरावर टिकला असं दिसत नाही. तो टिकला नेमामुळे. गोव्यात ‘गावकरी’ ही संस्था होती. गावची जमीन गावकऱ्यांच्या मंडळाची, सामाईक. शेतं ठरावीक मुदतीने पावणीला निघायची, त्यातून जे उत्पन्न येई त्यातून आधी गावचे खर्च व्हायचे, म्हणजे देऊळ, वाटा, तळी आणि बांध. उरलं ते गावकऱ्यांत वाटलं जायचं. पोर्तुगीज आले तेव्हा ही व्यवस्था जुनी झालेली होती. १५२६ साली अफोन्सो मेक्सिया या त्यांच्या अधिकाऱ्याने तिचे रिवाज लेखी नोंदवून घेतले. पुढे तिलाच कोमुनिदाद म्हणू लागले.

यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की बांधाचा खर्च ही कोणाची मर्जी नव्हती. कोणी दयाळू आहे म्हणून तो देत नव्हता आणि कोणी कंजूष आहे म्हणून चुकवू शकत नव्हता. बांधावर नजर ठेवणं, भोक दिसलं की ओरडून चार माणसं गोळा करणं, कोणत्या भरतीला मानशीकडे कोण जाणार, हे ठरलेलं असे. ज्याला शेतातून वाटा, त्याच्यावर बांधाचा भार. हक्क आणि काम एकाच दोरीत बांधलेले होते.

आपण घरात देवपूजेचं जसं करतो तसंच हे. रोज सकाळी मनात भाव दाटून येतोच असं नाही. कधी डोकं दुखत असतं, कधी पाहुणे असतात, कधी मन थाऱ्यावर नसतं. तरी दिवा लागतो, कारण तो लावायचा असतो. भाव त्या नेमाच्या मागून हळूहळू येतो. निसर्गाच्या बाबतीत मात्र आपण आधी भाव मागतो आणि नेमाचं नाव काढत नाही.

*मग बिघडलं कुठे?*

जुनं ते सगळं सोनं होतं असं म्हणणंही खोटं ठरेल. गावकरी व्यवस्थेत मान आणि वाटा ठरावीक घराण्यांतल्या पुरुषांना. प्रत्यक्ष चिखलात उतरणारी कुळं, लावणी-कापणी करणाऱ्या बायका, यांना श्रम होते पण शब्द नव्हता. मुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळांना जमिनीची मालकी दिली. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला त्याला जमीन मिळाली, हा न्यायच होता.

पण जमिनीचे तुकडे वाटता आले, बांध वाटता येईना. तो सांभाळण्याचं काम कुळांच्या संघटनांकडे आलं. काही गावांत त्या छान चालल्या, आजही चालतात. पुष्कळ ठिकाणी मात्र संघटना कागदावर राहिली. तोवर काळही बदलला होता. मुलं शिकली, बोटीवर गेली, आखातात गेली. शेतमजुरी वाढली, भाताला भाव तेवढा आला नाही. मांडवीतून खनिजाच्या बार्जी वर्षानुवर्षं ये-जा करत होत्या, त्यांच्या लाटांनी बांध झिजले. मानशीच्या मासेमारीची पावणी होते, आणि कित्येकदा त्यातले पैसे भातापेक्षा जास्त असतात. मग पावणी घेणाऱ्याला वाटतं की भरतीच्या वेळीही दार उघडं राहावं, म्हणजे जास्त मासळी आत येईल. त्याचा त्यात फायदा असतो. शेतात मीठ चढतं ते दुसऱ्याच्या.

असं एकेक होत गेलं. एक शेत पड राहिलं, मग शेजारचं राहिलं. चहूकडे पड असताना मधल्या एकट्याने भात लावलं तर पाखरं आणि गुरं त्याच्याच शेतावर तुटून पडतात. शेवटी तोही थकतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, याला शेतीची आस्था नाही. त्याच्या बाजूने पाहिलं तर आस्था आहे, पण एकट्याची आस्था बांध धरून ठेवू शकत नाही.

म्हणून आम्हाला वाटतं, गावातल्या माणसांची मनं बदलली हे कारण नसून परिणाम आहे. हक्क एका बाजूला गेला, काम दुसऱ्या बाजूला गेलं, फायदा तिसऱ्याच्या हातात गेला. दोरी सुटल्यावर मनं सुटली.

*पैसे न देण्याची कारणं*

बैठकीत जी कारणं पुढे आली ती एकेक करून पाहू. ती आपल्याच माणसांनी मांडलेली आहेत, हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत.

पहिलं कारण: मला काही मिळत नाही. हे खरं आहे. पण आपण शेत कसत नाही ही आपली निवड आहे, किंवा परिस्थिती आहे म्हणा. ती निवड आपल्या शेताच्या मेरेपर्यंत चालते. आपलं पीक सोडून द्यायचा अधिकार आपल्याला आहे. शेजाऱ्याच्या शेतात समुद्र सोडायचा नाही. इमारतीत राहणाऱ्यांना हे चटकन कळेल. फ्लॅट बंद ठेवून आपण परगावी असलो तरी गच्चीच्या दुरुस्तीचा वाटा द्यावाच लागतो, कारण गळणारं पाणी खाली राहणाऱ्याच्या डोक्यावर पडतं.

दुसरं कारण: हे सरकारचं काम आहे. सरकारने करावंच, आणि सरकारी खर्चाने बांध दुरुस्त होतातही. मागायचा तिथे हक्काने मागावा. पण खेकड्याचं भोक कचेरीतल्या खुर्चीवरून दिसत नाही. ते बांधावरून रोज चालणाऱ्यालाच दिसतं, आणि दोन घमेली चिखलाने बुजतं. तेच सहा महिन्यांनी फाईल फिरून येईपर्यंत लाखांचं काम होऊन बसतं. मोठी डागडुजी सरकारची म्हणू, रोजची नजर तरी गावचीच असणार. आणि आपण परगावी असलो तर आपल्या वाट्याची नजर दुसरा कोणी ठेवतोय, त्याच्या श्रमाचं मोल द्यायला नको का?

तिसरं कारण: फायदा मासळीवाल्याचा, भुर्दंड आमचा. ही तक्रार रास्त आहे. पण तिच्यावर उपाय वर्गणी न देणं हा नाही. वर्गणी देणाऱ्यालाच हिशेब विचारायचा अधिकार राहतो. पावणीचे पैसे किती आले, त्यातले बांधावर किती लागले, मानशीची दारं भरतीला बंद असतात का, हे विचारावं. जो काही देत नाही त्याच्या प्रश्नाला गावात वजन नसतं.

चौथं कारण एका तरुण मुलीने मांडलं आणि आम्ही सगळ्याजणी गप्प झालो. ती म्हणाली, बांध फुटला तर तिथे खारफुटी वाढेल. खारफुटी म्हणजेही निसर्गच ना? मग ती वाढू देणं हेच खरं निसर्गरक्षण नाही का?

याचं उत्तर सोपं नाही. खारफुटीत मासळीची पिल्लं वाढतात, पक्षी राहतात, किनाऱ्याची माती धरून ठेवली जाते. चोडण बेटाच्या टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे ते खारफुटीचंच. बांधाच्या नदीकडच्या बाजूला खारफुटी असली तर लाटांचा जोर ती स्वतःवर घेते आणि बांधाला आडोसा मिळतो. तेव्हा ती शत्रू नव्हे. शिवाय कायद्याने तिला संरक्षण आहे. एकदा पड शेतात ती माजली की तोडता येत नाही, आणि शेत पुन्हा शेत होणं जवळजवळ अशक्य होतं.

पण आम्हाला फरक दिसतो तो असा. उद्या सगळा गाव एकत्र बसला, कोणती जमीन राखायची आणि कोणती नदीला परत द्यायची हे सगळ्यांच्या संमतीने ठरलं, ज्याची जमीन जाते त्याची सोय झाली, विहिरींचा विचार झाला, तर ते दान म्हणता येईल. समुद्राची पातळी वाढते आहे, तेव्हा असा विचार काही गावांना करावाही लागेल. पण कोणी पैसे दिले नाहीत, कोणी पाहिलं नाही, आणि एका पौर्णिमेला बांध गेला, तर त्याला दान म्हणता येत नाही. हातातून निसटलेल्या गोष्टीचं पुण्य आपण आपल्या नावावर कसं लावणार? आणि त्याची किंमत परगावी असलेल्या आपण मोजत नाही. ती मोजते बांधालगतच्या वाडीवर राहणारी, खारी विहीर वाट्याला आलेली बाई.

*आपली शिकवण काय सांगते*

आपल्याकडे पंचमहायज्ञ सांगितले आहेत. ब्रह्मयज्ञ, देवयज्ञ, पितृयज्ञ, मनुष्ययज्ञ आणि भूतयज्ञ. शेवटच्या भूतयज्ञाचा अर्थ, आपल्या अन्नातून इतर प्राणिमात्रांचा भाग काढून ठेवणं. जेवणाआधी कावळ्याला, गाईला घास काढण्याची आपल्या घरांतली रीत याच विचारातली. यात भूतदया आहेच, पण त्याहून जास्त हिशेबाची जाणीव आहे. हे ताट माझ्या एकट्याच्या कर्तबगारीने भरलेलं नाही, तेव्हा ज्याचं आहे त्याला त्याचं आधी द्यायचं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाचा विचार येतो तोही देण्याघेण्याच्या चक्राचाच आहे. जो नुसता घेतो आणि चक्रात परत काही घालत नाही, त्याच्याबद्दल तिथे फार कडक शब्द आहे.

यज्ञ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समिधा आणि तूप येतं. आम्हाला वाटतं, मे महिन्याच्या उन्हात बांधावर टाकलेलं घमेलंभर चिखल हीसुद्धा आहुतीच आहे. आषाढी झाल्यावर द्वादशीला माशेलच्या देवकीकृष्णाच्या प्रांगणात चिखलकाला होतो. आबालवृद्ध चिखलात लोळतात, अंगाला माखलेली माती प्रसाद मानतात. चवथीला आपण गणपतीच्या वर माटोळी बांधतो आणि रानातली, परसातली फळं-फुलं नावानिशी देवासमोर टांगतो. भाद्रपदात नवं येतं तेव्हा भाताची कणसं देवाला दाखवून घरात आणतो, दारावर बांधतो. हे सगळं किती सुंदर आहे! पण एवढं मनात विचारून पाहावं: कणसं दारावर बांधायची आणि ती ज्या शेतात पिकतात त्याच्या बांधाचा निरोप आला की फोन कट करायचा, याने आपली पूजा पुरी होते का?

*हा प्रश्न गोव्यापुरता नाही*

आपले साधक जिथे जिथे आहेत तिथे असा एखादा ‘बांध’ आहेच. नाव वेगळं असेल.

माळव्यातल्या मंडळींना देवासचं पाणी आठवत असेल. एकेकाळी पाण्याने समृद्ध म्हणून ओळखला जाणारा हा मुलूख, पण कूपनलिका जास्तीत जास्त खोल जात राहिल्या आणि १९९० च्या सुमारास देवास शहराला रेल्वेने पाणी आणावं लागलं. जमिनीखालचं पाणी हे खाजनासारखंच सामाईक. पाइप ज्याचा त्याचा, पाणी सगळ्यांचं. पुढे २००६ पासून त्याच देवास जिल्ह्यात शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा देऊन हजारो तळी खोदली. पावसाचं पाणी अडवलं, त्यावर रब्बीची पिकं घेतली. या शेतकऱ्यांपुढे कोणी नुसतं प्रवचन केलं असतं तर त्यांनी जमीन सोडली असती का, शंका आहे. तळं माझं, त्यातलं पाणी माझ्या गव्हाला, आणि झिरपेल ते शेजाऱ्याच्या विहिरीलाही, हे दिसलं तेव्हा ते पुढे आले. तिथेही हक्क आणि काम पुन्हा एका दोरीत आले होते. त्याच माळव्यात गहू काढल्यावर नरवाई जाळतात. जाळणाऱ्याचं शेत एका काडीत मोकळं होतं, पण मातीतले जीव जळतात आणि वारा फिरला तर शेजाऱ्याचं उभं पीकही जातं.

बेळगाव सीमाभागातल्या घरांना कालव्याचा अनुभव असतो. तोंडाशी असलेल्याने उसाला हवं तेवढं पाणी घेतलं की शेवटच्या टोकाच्या शेताला पाळी येते तेव्हा चारी कोरडी असते. पहिल्याने चोरी केली असं कायदा कदाचित म्हणणार नाही. पण त्याने जे घेतलं त्यात दुसऱ्याचा घास होता.

या सगळ्यांत धागा एकच. निसर्गाची हानी करणारा माणूस बहुतेक वेळा निसर्गाचा वैरी नसतो. तो आपल्या सातबारावरची किंवा एक-चौदावरची रेघ पाहतो, आणि रेघेच्या पलीकडे काय होतं ते त्याला दिसत नाही. पाणी, आग, मीठ, वारा यांना मात्र ती रेघ माहीतच नसते. तेव्हा आपलं कर्तव्य कुठे संपतं हे कागदावरची रेघ सांगू शकत नाही. ते पाणी कुठवर जातं त्यावरून ठरतं, असं आमचं मत झालं.

*मग करायचं काय?*

ताईंच्या प्रश्नाला आमचं उत्तर आहे: वाटा द्यावा. पण नुसते पैसे पाठवून मोकळं होऊ नये. खालच्या गोष्टी आपल्यापैकी प्रत्येक घराला जमण्यासारख्या आहेत.

१) आपल्या घराण्याचं शेत नेमकं कुठे आहे, खाजनात आहे का, त्याचा बांध कोण सांभाळतं, हे आधी माहीत करून घ्या. कित्येक घरांत ही माहिती एकाच वयस्क माणसापाशी असते. त्यांच्या हयातीत ती लिहून ठेवा.

२) वर्गणी द्या, पावती घ्या आणि वर्षातून एकदा हिशेब विचारा. विचारण्याचा सूर तक्रारीचा नको, घरच्याचा असू दे.

३) शेत पड असेल तर गावातल्या कोणाला तरी कसायला द्या. “कसायला दिलं की कूळ लागेल” ही भीती गोव्यात घराघरांत आहे, आणि ती उगाच नाही. म्हणून जाणत्या वकिलाला विचारून काय ते लेखी करा. पण भीतीपोटी जमीन मेलेली चालेल, जिवंत दुसऱ्याच्या हातात नको, असं मन होऊ देऊ नका. गावातल्या बायकांचे बचत गट असतील तर त्यांचा विचार आधी करा. जुन्या व्यवस्थेत ज्यांना शब्द नव्हता त्यांना आता तो मिळू दे.

४) गोव्यातल्या घरांनी खाजनातला तांदूळ मिळेल तेव्हा विकत घ्यावा. चार पैसे जास्त पडतील. पण शेतकऱ्याला आपण “जुनी वाणं जपा” असं सांगायचं आणि स्वतः सगळ्यात स्वस्त गोणी आणायची, हे काही जुळत नाही.

५) सुट्टीत मुलं गावी आली की त्यांना समुद्रकिनाऱ्याबरोबर मानसही दाखवा. भरती लागताना दारं आपोआप कशी मिटतात ते पाहायला पाऊण तास पुरतो. आपल्या पणजोबांना विजेच्या मोटरशिवाय हे साधलं होतं हे पाहून मुलं थक्क होतात.

६) गोव्याबाहेरच्या साधकांनी आपापल्या घरच्या ग्रुपवर एकच प्रश्न टाकावा: आपल्या भागात सगळ्यांचा मिळून असलेला ‘बांध’ कोणता? विहीर, तळं, कालवा, टेकडीवरचं रान, काहीही असेल. त्यासाठी आपल्या घरातून दरवर्षी काय जातं? काहीच जात नसेल तर यंदा काय जाऊ शकेल?

उत्तरं आली की ती आपल्या बैठकीच्या ताईंकडे पाठवा. पुढच्या अंकात ती एकत्र करून देऊ, म्हणजे एका गावाला सुचलेली युक्ती दुसऱ्या गावालाही कळेल. गोव्यात दुरुस्तीचे दिवस थोडेच असतात. मृगाचा पाऊस एकदा धरला की बांधावर चिखल ठरत नाही. ज्यांच्याकडे निरोप आलेला आहे त्यांनी घरात बोलणं या आठवड्यातच करावं.

सर्वांना आमचा नमस्कार.

— महिला सेवा गट